चार बोटांची जागा

सकाळी साडेनऊच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याकडे वळणारी ही पांढरी हॅचबॅक जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकांची आहे. डांबरी रस्ता संपल्यावर पुढची काही किलोमीटर वाट मुरूम, उखडलेली गिट्टी आणि एक रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) यांवरून जाते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटे मावतील एवढी जागा आहे आणि गाडी घेतल्या दिवसापासून शिक्षकांच्या डोळ्यांना तीच खुपते. गाडी थोडी खाली बसलेली असावी, वळणावर तिने एका बाजूला अंग टाकू नये, ही त्यांची इच्छा मुळीच गैर नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळताना आणि ब्रेक लावताना वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर कमी सरकते, हे खरेच आहे.

स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेण्याविषयी त्यांनी विचारले, तेव्हा तालुक्याच्या गावी गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींनी मात्र एवढेच सांगितले, "सर, थे जागा रिकामी नाही, चाकाची हाये."

आपल्या या बोलण्याचा पडताळा मिस्त्रींनी एका साध्या केबल टायने (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने) दिला. पुढच्या शॉकअपवरचे रबरी आवरण वर सारून त्यांनी चकचकीत दांड्याभोवती हा टाय सरकता राहील इतपत सैल बांधला आणि तो शॉकअपच्या तोंडाशी टेकवून ठेवला. चाक वर चढते तेव्हा शॉकअपची नळी टायला वर ढकलते. चाक खाली येते, पण टाय पोचला तिथेच थांबतो. आठवडाभर शाळेच्या फेऱ्या झाल्यावर आवरण पुन्हा वर सारले, तेव्हा टाय बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास जिथे अडतो त्या रबरापासून जेमतेम १५ मिलीमीटर अंतरावर होता. रिकामी वाटणारी जवळजवळ सगळी जागा याच फेऱ्यांत वापरली गेली होती. गाडी ३५ मिलीमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या असत्या, तर त्या मूळच्यापेक्षा ताठ असूनही याच वाटेवर चाक रबरावर आदळले असते आणि तो मार शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर आणि तिथून बॉडीवर गेला असता.

हा रस्ता असा का आहे, याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या शेतांत आहे. विदर्भाच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. त्यात कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चाकोऱ्या खोल करतात, आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली येतो.

गतिरोधकाचेही गणित पाहण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला होता. तो गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद असल्यामुळे चारही चाके त्याच्या उतारावर असतात, आणि हळू जाणाऱ्या लहान गाडीच्या पोटाखालची उंची साधारण साडेचार सेंटिमीटरनेच कमी होते. गावात लोकांनी घातलेला गतिरोधक हातभर रुंद असतो. तिथे त्याची सगळी उंची पोटाखाली उभी राहते. पोटाखाली साधारण १६५ मिलीमीटर उंची असलेली गाडी पाच माणसे बसल्यावर आधीच दबलेली असते, हेही विसरता येत नाही.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचा स्वस्त मार्ग सर्वांत घातक आहे, आणि तो कोणी सुचवला तर तिथून गाडी परत आणावी. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला, तर स्प्रिंगचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यावर लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. गॅसकटरने कापल्यास उष्णतेमुळे पोलादाचे पाणीच, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते.

योग्य स्प्रिंगा घेतल्या तरी काम तिथे संपत नाही. बॉडी खाली आली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो, चाके वरून आत झुकतात आणि टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, बिघडतो. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन पुन्हा जुळवणे, न केल्यास टायर आतल्या कडेने झिजतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, म्हणून आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारणे श्रेयस्कर.

शिक्षकांची गाडी वळणावर अंग टाकत होती, त्यामागे आणखी दोन कारणे निघाली. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल झिरपले होते आणि वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडचे (त्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) सांधे सैल झाले होते. मिस्त्रींनी मूळ स्प्रिंगा तशाच ठेवून शॉकअप आणि लिंक रॉड बदलले, अलाइनमेंट करवून घेतली. आता वळणात शिरताना गाडी एकदम कलत नाही आणि रपट्यावरून उतरल्यावर एकाच हेलकाव्यात स्थिर होते. मडगार्डखालची चार बोटे आहेत तशीच आहेत. नव्या शॉकअपच्या दांड्यावर शिक्षकांनी या वेळी स्वतःच्या हाताने टाय बांधला आहे. पावसाळा संपल्यावर ते आवरण वर सारून पाहणार आहेत.