एक पॉइंट गेला, तीन वाचले

(डब्लिनमधल्या मराठी मंडळींसमोर रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं.

शनिवारी सकाळी आपल्यातले निम्मे आईबाप कुठे असतात ते मला माहीत आहे. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात पोराचं जॅकेट, आणि समोरून आडवा पाऊस. इथे आल्या आल्या आपण क्रिकेटचा ग्रुप शोधतो, बॅडमिंटनचं कोर्ट शोधतो. मग एक दिवस पोरगं शाळेतून कागद घेऊन येतं, की मला जीएए क्लबात जायचंय. जीएए म्हणजे इथल्या गेलिक खेळांची संघटना, आणि आपली पोरं तिथे खेळतात ते गेलिक फुटबॉल. दोन-तीन वर्षांत आपणही 'वाइड गेला, वाइड!' म्हणून ओरडायला लागतो.

माझीही सुरुवात तशीच झाली. गोष्ट २०१८ची. मुलाची चौदा वर्षांखालची मॅच होती. क्लबाचं नाव सांगत नाही, चहाच्या वेळी भांडणं नकोत. शेवटची दोन मिनिटं, आमची टीम दोन पॉइंटनी पुढे. समोरचा एक तांबड्या केसांचा पोरगा बॉल घेऊन असा सुटला की त्याच्यापुढे फक्त गोलकीपर. तेवढ्यात माझ्या शेजारून आमच्या मेंटरसाहेबांचा आवाज आला, 'पाड त्याला!' आणि ज्या मुलाला मी घरात झुरळ मारायला लावलं तर तो खुर्चीवर चढतो, त्यानं मागून त्या पोराच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला चिखलात लोळवलं. मग हात देऊन उठवलंसुद्धा, पाठीवरचा चिखलही झटकला. रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं, त्यांना फ्री किक मिळाली, बॉल दांडीवरून गेला, एक पॉइंट. आम्ही एका पॉइंटनी जिंकलो.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, 'हे काय केलंस रे?' तो म्हणाला, 'आई, एक पॉइंट गेला, तीन वाचले.'

गणितात तो इतका पक्का कधीच नव्हता.

इथे याला 'सिनिकल' फाऊल म्हणतात. मराठीत काय म्हणावं यावर मी बराच खल केला. रडीचा डाव म्हणावं, तर तो हरणाऱ्याचा असतो. आउट दिलं की बॅट काखोटीला मारून घरी जाणाऱ्याचा. हा डाव बहुतेक वेळा पुढे असलेल्याचा. यात राग नाही, रडणं नाही, सूड नाही. पाडणारा शांत असतो आणि पाडून झाल्यावर हात देतो. मला 'बनेल' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

नुकतेच आलेल्यांसाठी खेळ थोडक्यात सांगते. पंधरा-पंधरा खेळाडू. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. बॉल दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट; दांडीवरून गेला तर एक. २०२५पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांनंतर तो आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात घ्यायचा, यालाच सोलो म्हणतात. सगळे हौशी. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टीममधले खेळाडूही सोमवारी शाळेत शिकवायला, बँकेत, शेतावर जातात.

आता पळणाऱ्या माणसाकडून तो बॉल घ्यायचा कसा? रग्बीत कमरेला धरून पाडा, कायदेशीर आहे. सॉकरमध्ये पायातून काढून घ्या. गेलिकमध्ये खांद्याला खांदा भिडवता येतो, उघड्या पंजानं बॉलवर चापट मारता येते, मारलेल्या बॉलला हात आडवा घालता येतो. धरायचं नाही, ओढायचं नाही, पाय घालायचा नाही. समोरचा चपळ असेल तर चापट बॉलला लागते की मनगटाला, हे तुमच्या नशिबावर. म्हणजे बचाव करणाऱ्याला नियमात राहून करण्यासारखं फार थोडं उरतं, आणि फाऊल स्वस्त असेल तर तो करण्याचा मोह फार मोठा. बनेलपणाचं मूळ मला या टॅकलच्या नियमात दिसतं. लोक मात्र ते माणसांच्या स्वभावात शोधतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑगस्ट २०१३चं आहे. डब्लिनचं क्रोक पार्क मैदान, ऑल-आयर्लंडचा, म्हणजे काउंटींच्या देशपातळीवरच्या स्पर्धेचा, उपउपांत्य सामना, टिरोन विरुद्ध मोनाहन. मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस बॉल घेऊन गोलाकडे सुटला. टिरोनचा शॉन कॅव्हना, तीन ऑल-आयर्लंड पदकांचा मानकरी, मागून आला आणि रग्बीत करतात तसा त्याला आडवा केला. पिवळं कार्ड. टिरोन ०-१४ विरुद्ध ०-१२ असं जिंकलं (आधी गोल, मग पॉइंट), म्हणजे गोल एकही नाही आणि फरक फक्त दोन पॉइंटांचा. त्या जागी एक गोल बसवून पाहा.

त्या संध्याकाळी टीव्हीवरचे विश्लेषक जो ब्रॉली भडकले. ब्रॉली स्वतः डेरीकडून १९९३चं ऑल-आयर्लंड जिंकलेले. कॅव्हना खेळाडू म्हणून थोर असेल, पण माणूस म्हणून त्याला विसरा, अशा अर्थाचं ते बोलले. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता. गंमत बघा, कॅव्हना व्यवसायानं अकाउंटंट आणि ब्रॉली बॅरिस्टर. एकानं हिशेब केला, दुसऱ्यानं आरोपपत्र वाचलं.

मला ब्रॉलींचा संताप कळतो, पण माझं मत त्यांच्याविरुद्ध आहे. त्या क्षणी नियमपुस्तक कॅव्हनाला काय सांगत होतं? पाडलंस तर एक पिवळं कार्ड आणि बहुधा एक पॉइंट. सोडलंस तर बहुधा तीन. शिवाय दोन दिवसांनी तो ऑफिसात जाणार. पगारी खेळाडू नाही की मानधनातून दंड कापावा. जिथे फाऊल परवडतो तिथे तो होणारच. त्याचं पाप एका माणसाच्या माथी मारून आपण पुस्तक लिहिणाऱ्यांना मोकळं सोडतो.

पूर्वी सगळे संत होते असंही कुणी समजू नका. १९८३च्या फायनलमध्ये चार जणांना बाहेर काढलं होतं. डब्लिननं बारा खेळाडूंनिशी चौदा जणांच्या गॉलवेला हरवलं. तेव्हा हाणामारी उघड होती, एवढंच. बनेल फाऊल हे त्याचं सुशिक्षित भावंड.

तर पुस्तक लिहिणाऱ्यांनी काय केलं? मजा अशी, की मॅकमॅनस आडवा पडला तेव्हा उपाय आधीच मंजूर झालेला होता. मार्च २०१३मध्ये डेरीला भरलेल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे जीएएच्या वार्षिक सभेत, काळ्या कार्डाचा ठराव झाला होता, यूजीन मॅगी यांच्या समितीनं सुचवलेला. अंमल मात्र १ जानेवारी २०१४पासून. मुद्दाम पाडणं, पाय घालणं, बॉल देऊन पुढे धावणाऱ्याच्या अंगावर जाऊन त्याची वाट अडवणं, यांना काळं कार्ड: खेळाडू कायमचा बाहेर. पण त्याच्या जागी बदली खेळाडू आत! म्हणजे टीम पंधराचीच, वर ताज्या दमाचा माणूस. पहिल्या दहा मिनिटांत हे झोंबतं. शेवटच्या दहा सेकंदांत त्याचं काय जातं?

ते देशानं १७ सप्टेंबर २०१७ला पाहिलं. डब्लिन आणि मेयो यांची फायनल. (त्या वर्षी इथले पंतप्रधान लिओ वराडकर, म्हणजे मूळचे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, आमच्या घरातल्या मालवणी माणसाला खेळापेक्षा त्याचंच कौतुक.) मेयो १९५१नंतर ऑल-आयर्लंड जिंकलेलं नाही. सामना बरोबरीत, वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू, आणि डब्लिनला फ्री किक. मारायला डीन रॉक.

खेळाडूंच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, बनियनच्या खिशात काडेपेटीएवढं जीपीएस यंत्र असतं, किती पळाले ते मोजायला. मेयोच्या ली कीगननं ते काढलं आणि रॉक किकसाठी धावत येत असताना त्याच्या दिशेनं भिरकावलं. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं तेव्हा कुठे मला तो काळा ठिपका दिसला. रॉकचं चित्त ढळलं नाही. बॉल दोन खांबांच्या मधून. १-१७ विरुद्ध १-१६.

आता मेयोच्या गोलकीपरची किक. डेव्हिड क्लार्कला जवळ मोकळा माणूस हवा होता. त्यानं मान वर केली तर मोकळं कुणीच नाही, कारण डब्लिनच्या पुढच्या फळीनं आपापल्या समोरच्या मेयोवाल्याला कवटाळून जमिनीवर घेतलं होतं. एकट्यादुकट्यानं नाही, ठरवून. किरन किलकेनीला काळं कार्ड मिळालं. क्लार्कला लांब मारणं भाग पडलं, बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला, सामना संपला. किलकेनी, आयर्लंडमधल्या सगळ्यात नेटक्या खेळाडूंपैकी एक, काही सेकंद आधी बाहेर आला आणि विजय साजरा करायला परत आत गेला. मेयोची मंडळी डब्लिनला नावं ठेवतात तेव्हा मी त्यांना यंत्राची आठवण करून देते. डब्लिनकर कीगनवर घसरले की त्यांना ती कुस्ती दाखवते. त्यामुळे दोन्हीकडे माझे मित्र कमी आहेत.

मग किंमत वाढत गेली. २०२०पासून काळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर आणि बदली खेळाडू नाही. यात एक गंमत सांगायलाच हवी: बायकांच्या गेलिक फुटबॉलमध्ये पिवळ्या कार्डालाच दहा मिनिटं बाहेर बसायची पद्धत त्याआधीच होती. पुरुषांना तिथपर्यंत पोचायला समित्या नेमाव्या लागल्या. २०२१मध्ये आणखी एक कलम आलं. वीस मीटरच्या रेषेच्या आत किंवा तिथल्या अर्धवर्तुळात, गोलाची स्पष्ट संधी बनेलपणानं मोडली, तर पेनल्टी. अकरा मीटरवरून, समोर एकटा गोलकीपर. शिवाय दहा मिनिटं एक माणूस कमी. माझ्या मुलाचा हिशेब तिथे मोडला: वाचवायला गेलात तीन, देऊन बसाल तीन आणि वर एक माणूस.

आणि २०२५मध्ये जिम गॅव्हिन यांच्या समितीचे नियम आले. २०१७ला त्या कवटाळणाऱ्या डब्लिनचे मॅनेजर हेच गॅव्हिन, बरं का. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं मी म्हणणार नाही. तुम्ही मनात म्हणालात ते दिसलं. त्यांच्या नियमांतला मला सगळ्यात आवडलेला अगदी बारका आहे. फ्री किक तुमच्याविरुद्ध गेली तर हातातला बॉल समोरच्याच्या हातात नेऊन द्यायचा. पूर्वी काय चालायचं? बॉल हळूच मागे टाकायचा, पायानं लांब ढकलायचा, किंवा द्यायचा म्हणून पुढे करून सोडायचाच नाही. तेवढ्या पाच सेकंदांत अख्खी टीम मागे जाऊन बसते. आता तसं केलंत तर किक पन्नास मीटर पुढे. पहिल्या काही आठवड्यांत मोठमोठे खेळाडू रेफरीची शिट्टी वाजली की गरम कढई हातात आल्यासारखे बॉल घेऊन प्रतिस्पर्ध्याला शोधत धावायचे.

आता कुणी विचारेल, याला खिलाडूवृत्ती म्हणायचं का? पन्नास मीटरच्या भीतीनं दिलेला बॉल? नाही म्हणायचं. ती शिस्त झाली. खिलाडूवृत्ती पाहायची तर जिथे पुस्तक गप्प बसतं तिथे जावं लागतं.

११ जुलै २०१०, लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेची फायनल, लाउथ विरुद्ध मीथ. लाउथ छोटी काउंटी, १९५७नंतर तोवर लेन्स्टर जिंकलेली नव्हती. भरपाईची वेळ सुरू, लाउथ एका पॉइंटनी पुढे. गोलासमोर झुंबड, आणि मीथचा जो शेरिडन बॉलसकट रेषेपार. हातानं असा गोल करता येत नाही. पण पांढऱ्या कोटातल्या अंपायरनं गोलाचा हिरवा झेंडा वर केला आणि मीथ १-१२ विरुद्ध १-१० असं जिंकलं. चिडलेले लाउथचे लोक मैदानात घुसून रेफरीच्या अंगावर गेले, आणि त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. नंतर रेफरीनं चूक कबूल केली. जीएए म्हणाली, निकाल फिरवायचा अधिकार आम्हाला नाही. मीथनं स्वतःहून फेरसामना देऊ केला तर गोष्ट वेगळी.

मीथनं दिला नाही. नियमानं त्यांना द्यायचा नव्हताच. कुठलं कार्ड नाही, पेनल्टी नाही, पन्नास मीटर नाहीत.

पण १९९५मध्ये याच लेन्स्टरमध्ये लीशला कार्लोविरुद्ध असाच एक पॉइंट मिळाला होता. बॉल खांबाबाहेरून गेला होता, टीव्हीवर स्पष्ट दिसलं. लीशनं स्वतःहून कार्लोला फेरसामना दिला, आणि तोही जिंकला. त्यांना उदार व्हायला मीथपेक्षा सोपं गेलं असेल का? असेलही, फायनल नव्हती ती. तरीही दिला.

११ मे २०२५ला क्रोक पार्कवर लाउथनं लेन्स्टरची फायनल जिंकली. ३-१४ विरुद्ध १-१८. समोर कोण, तर मीथच. अडुसष्ट वर्षांनी. माझ्या ऑफिसात द्रॉहेडाचा, म्हणजे लाउथचाच, एक सहकारी आहे. सोमवारी तो लाल शर्ट घालून आला, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, 'केवढी वाट पाहिलीत तुम्ही!'

'हो ना,' तो म्हणाला. 'पंधरा वर्षं.'