'अल निनो' अरबी नाही! पेरूच्या बंदरातला शब्द आपल्या पावसाळ्यात कसा शिरला?

नमस्कार मंडळी! उन्हाळा संपत आला की बातम्यांत एक नाव हमखास ऐकू येतं, 'अल निनो'. ते 'अल' बघून शब्द अरबी वाटतो ना? पण तो स्पॅनिश आहे. 'एल निन्यो', म्हणजे लहान मुलगा. स्पॅनिशमध्ये त्यातल्या 'न'च्या डोक्यावर नागमोडी रेघ असते, तिचा उच्चार 'न्य'. वाटेत ती रेघ गळाली आणि निन्योचा निनो झाला.

आता मुलाचा पावसाशी काय संबंध? पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पाइता नावाचं बंदर आहे. तिथला समुद्र एरवी थंड. नाताळच्या सुमारास मात्र उत्तरेकडून कोमट पाण्याचा प्रवाह यायचा. स्पॅनिशमध्ये 'एल निन्यो' म्हणजे बाळ येशूसुद्धा, म्हणून खलाशांनी प्रवाहाला तेच नाव दिलं. १८९२ मध्ये कामिलो कारियो या कप्तानाने लिमाच्या भूगोल संस्थेपुढे ते मांडलं.

तेव्हा हे प्रकरण किनाऱ्यापुरतंच होतं. पुढे शास्त्रज्ञांनी शब्द उचलला आणि त्याचा अर्थ फुगला: काही वर्षांनी अख्खा विषुववृत्तीय पॅसिफिक तापतो, तो एल निन्यो. आणि इथे आपण येतो. गिल्बर्ट वॉकर १९०४ पासून भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधता बांधता त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबातला झोका सापडला: एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो. तो झोका आणि ते कोमट पाणी एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवलं.

एल निन्यो आला की आपला पाऊस अनेकदा कमी पडतो. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, तो आलाच. बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्याच एल निन्योत पेरूची आंचोव्हेता मासळी कोसळली. ही आपल्या मांदेलीच्या कुळातली. आधीच उपसा बेसुमार झालेला, त्यात पाणी तापलं.

गंमत म्हणजे खुद्द पेरूच्या उत्तरेत एल निन्यो म्हणजे पूर! १९९८ मध्ये सेचुराच्या वाळवंटात भलंमोठं तळं साचलं. त्याचं नाव काय? 'ला निन्या', म्हणजे मुलगी. हवामानात मात्र ला निन्या म्हणजे बरोब्बर उलटी अवस्था, थंड पॅसिफिकची. तिला आधी काहीजण 'अँटी एल निन्यो' म्हणायचे. पण निन्यो म्हणजे येशू, मग 'येशूविरोधी' कसं म्हणायचं?

आणि हो, निनो आला म्हणून लगेच दुष्काळ धरू नका. १९९७ चा एल निन्यो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी त्या वर्षी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला होता.