दारची गुळवेल : ओळख, लागवड आणि वापर

श्रोतेहो, नमस्कार. कोरोनाच्या साथीत जिचे नाव घरोघरी पोहोचले, त्या गुळवेलीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. ही वनस्पती काही तेव्हा नव्याने सापडलेली नाही. जुनाट ताप, अरुची, कावीळ, वातरक्त (सांधे सुजून दुखण्याचा एक विकार) अशा विकारांत वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत आणि गावाकडे कडुनिंबावर, आंब्यावर किंवा बांधावरच्या कुंपणावर चढलेली ती आजही सहज दिसते. मात्र पूर्वी वैद्याच्या सल्ल्याने ठरावीक दिवस घेतले जाणारे हे औषध साथीच्या काळात अनेकांनी मिळेल तेथून तोडून आणले आणि महिनोन्‌महिने उकळून प्यायले. म्हणून लागवडीच्या आधी ओळखीविषयी सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची पाने हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत आणि पातळ असतात आणि देठाशी एकाच ठिकाणाहून शिरा फाकलेल्या दिसतात. मात्र पानांवरून गुळवेल ओळखू नये, कारण तशी पाने कितीतरी वेलींना असतात. खरी ओळख कांडावर पटते. बोटाएवढे जाड कांड हातात घेऊन नखाने खरवडले, तर वरची करडी साल कागदासारखी सुटून येते आणि खाली हिरवा थर दिसतो. कांड आडवे कापले, तर आतल्या फिकट गरात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा मध्यापासून कडेकडे गेलेल्या दिसतात, आणि तुकडा चघळला तर कडूपणा जिभेवर बराच वेळ राहतो. जुन्या वेलीपासून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळे खाली लोंबत असतात. फळे वाटाण्याएवढी, गोल असून पिकल्यावर लाल होतात.

याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल दिसायला अगदी जवळची आहे आणि घोटाळा होतो तो तिच्यामुळे. तिच्या कांडावर ठळक गाठीगाठी असतात, कापल्यावर दुधासारखा चीक येतो आणि तिची फळे लांबट, नारिंगी असतात. कापलेल्या कांडातून पांढरा चीक आला, तर ती वेल औषधासाठी घरात आणूच नये. रोपवाटिकेतून रोप घेतानाही हीच पारख करावी, कारण तिथल्या पाटीवर लिहिलेले नाव हा काही पुरावा नव्हे.

लागवड अतिशय सोपी आहे. जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, पेन्सिलीपेक्षा थोडे जाड असे वीतभर लांबीचे कांड घ्यावे. त्यावर किमान दोन पेरे असावेत आणि खालचे पेर मातीत जाईल असे ते लावावे. तोडलेले फाटे शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावलेले बरे. जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. पाणी साचले की कांड कुजते. गच्चीवर किंवा बाल्कनीत लावायची असेल, तर चौदा-सोळा इंच व्यासाची, तळाला भोके असलेली कुंडी, शेणखत मिसळलेली माती आणि चढायला जाळी किंवा दोरी एवढे पुरे. हिवाळ्याच्या शेवटी पाने पिवळी पडून गळू लागली, तर वेल मेली असे समजून ती उपटून टाकू नये. तो तिचा स्वभावच आहे आणि पुढे नवी पालवी फुटते.

कडुनिंबावरची गुळवेल श्रेष्ठ मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दारात कडुनिंब असेल, तर त्याच्याच बुंध्याशी वेल अवश्य लावावी. पण नसेल म्हणून अडून बसू नये. गुळवेल हे बांडगूळ नव्हे, ती आपल्या मुळांवर जगते आणि झाडाचा फक्त आधार घेते. आंब्याच्या किंवा इतर फळझाडाच्या माथ्यावर मात्र तिला पसरू देऊ नये, नाहीतर ती त्याचे ऊन अडवते.

औषधासाठी अंगठ्याएवढे जाड झालेले कांड घ्यावे. तोडताना जमिनीपासून हात-दोन हात भाग राखावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून, म्हणजे रानातला माल गोळा करून विकण्यासाठीच्या सरकारी योजनेतल्या केंद्रातून, गुळवेल गोळा करून विकण्याचा उद्योग उभा केला आहे. अशा लोकांची उपजीविका वेल रानात टिकण्यावरच अवलंबून असल्यामुळे, घरची गरज आपण घरच्या वेलीवर भागवावी आणि रानातली वेल मुळासकट ओढू नये, असे मला मनापासून वाटते.

आयुर्वेदात काही मोजक्या वनस्पती ओल्याच वापरायला सांगितल्या आहेत, त्यांत गुळवेल येते. ओले कांड ठेचून रात्री पाण्यात भिजत घालावे आणि सकाळी गाळून घ्यावे, हा हिम. कांड पाण्यात उकळून चौथा हिस्सा उरवावा, हा काढा. सत्त्व काढायचे असेल, तर ठेचलेले कांड रात्रभर भिजवून हाताने चांगले कुस्करावे, पाणी गाळून स्थिर ठेवावे आणि तळाशी पांढरा साका बसला की वरचे पाणी अलगद ओतून तो वाळवावा. ढीगभर कांडातून हे सत्त्व अगदी थोडे निघते, त्यामुळे बाजारात ते फार स्वस्त मिळाले, तर शंका घ्यावी. शासकीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम कांड अशी दिली आहे; आपल्याला नेमके किती आणि किती दिवस घ्यायचे, हे वैद्यालाच विचारावे.

दिवसांचा हा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. आयुष मंत्रालयाने २०२० साली कोरोनासाठी जे उपचारसूत्र दिले, त्यातही गुळवेलीच्या घनवटीला, म्हणजे काढा आटवून केलेल्या गोळीला, पंधरा दिवस किंवा एक महिना अशी मर्यादा होती. ती मर्यादा लोकांच्या कानांवर आलीच नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. खरी गुळवेल सुरक्षित आहे, मात्र सारख्या दिसणाऱ्या वेलीशी तिची गल्लत होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरते इतके स्पष्ट आहे की यकृताचा आजार, थायरॉइडसारखा किंवा संधिवातासारखा स्वप्रतिकार विकार (ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते), गर्भारपण, मधुमेहाची औषधे चालू असणे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे, गुळवेल घेत होतो हे न लपवता सांगावे, आणि सोबत त्या वेलीचे पान व कांडाचा तुकडा न्यावा, म्हणजे पोटात नेमके काय गेले आहे ते तपासता येईल.