नारळ फुटल्यानंतर

(सकाळ. परळमधली अरुंद गल्ली. एक माणूस बादलीने रस्त्यावर पाणी मारतोय.)

साडेआठ वाजलेत. रांगोळी अजून ओली आहे. पाटावर कलश, हळदकुंकू, पाच नारळ आणि एक कोरी कुदळ. कुदळीच्या दांड्याला लाल फीत बांधलीय, पात्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलंय. मागच्या भिंतीवर फ्लेक्स लागलाय : गटाराच्या कामाचा शुभारंभ. पाहुण्यांना आज आणखी दोन ठिकाणी कुदळ मारायची आहे, त्यामुळे वेळ होणार.

मी लवकर येतो ते फोटोसाठी जागा बघायला. गल्ली जेमतेम सात फुटांची. माझ्या पाठीला भिंत आणि समोर वीसेक माणसं उभी राहणार. इथे सोळा एमएमची वाइड लेन्स लावल्याशिवाय गत्यंतर नाही. पण ही लेन्स कडेच्या माणसाला ओढते. त्याचा चेहरा पसरतो, खांदा फुगतो. मुख्य पाहुणे मध्ये उभे राहतातच, त्यांची काळजी नसते. काळजी असते ती कडेला लोटल्या जाणाऱ्या कार्यकर्त्याची. रात्रभर जागून हा मांडव त्यानेच घातलाय. त्याच्या घरात हा फोटो भिंतीवर लागणार आहे. म्हणून मी त्याला हाताला धरून दोन पावलं आत घेतो.

(गाडीचे दरवाजे. फटाक्यांची माळ. ताशा.)

हार पडतात, घोषणा होतात आणि सगळे कुदळीभोवती गोळा होतात. एका दांड्यावर किती हात मावतात? एका जुन्या फोटोत मी मोजले होते, अकरा भरले. "साहेब, इकडे बघा. ताई, थोडं पुढे या. मागचे दादा, तुमचा चेहरा दिसत नाहीये." त्या दोन मिनिटांत आमदार, वॉर्डातले अधिकारी, कंत्राटदार, सगळे फोटोग्राफरचं ऐकतात. कुदळ जमिनीला टेकते. नारळ फुटतो. पेढे वाटले जातात. दहा मिनिटांत गाड्या निघतात आणि गाड्यांबरोबर कॅमेरेही निघतात.

मी थांबतो. ही सवय लागायला मला बरीच वर्षं लागली.

(फोर्ट. महापालिका मुख्यालयाचा घुमट. समोर स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी.)

ही मुंबई महानगरपालिकेची इमारत. १८९३ साली पूर्ण झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. समोरचं स्टेशन, पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस, तेही त्यांचंच. पुढ्यात फिरोजशहा मेहतांचा पुतळा. शहराच्या राजकारणाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने या पुतळ्याच्या सावलीत कधी ना कधी दुपार काढलेली असते. निदर्शनं इथे होतात, महापौरांची निवड झाली की ढोल इथे वाजतात. आणि गुलाल. गुलालाची पूड इतकी बारीक असते, की लेन्सच्या रिंगेत शिरली तर महिनाभर खरखरत राहते. निकालाच्या दिवशी जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून तिला रबरबँड लावतात आणि लेन्सची काच तेवढी उघडी ठेवतात.

या शहराला २२७ प्रभाग आहेत. खासदाराचा फोटो दिल्लीत निघतो, आमदाराचा विधानभवनाच्या पायऱ्यांवर. नगरसेवकाचा फोटो मात्र तुमच्या दारात निघतो. तुमच्या नळापाशी, तुमच्या मुलांच्या शाळेत, तुमच्या मंडळाच्या आरतीला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना तुम्ही नावाने ओळखता. म्हणून मला हा फोटो पावतीसारखा वाटतो. अमुक तारखेला, अमुक माणूस, अमुक जागी उभा होता आणि हे काम करीन म्हणाला होता, याची पावती.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. प्रशासक आले आणि पुढच्या निवडणुकीचं मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. फ्लेक्सवरच्या नावांआधी 'माजी' हा शब्द आला. त्या काळातले माझे फोटो आता मी चाळतो. रस्ते खणलेले दिसतात, बॅरिकेड दिसतात, यंत्रं दिसतात. पण एखादी बाई पदर खोचून नगरसेवकासमोर उभी आहे आणि पाण्याचं काय झालं ते विचारते आहे, असा फोटो त्या वर्षांत माझ्याकडे जवळजवळ नाही. पूर्वी असे फोटो आठवड्याला मिळायचे. ती कोणासमोर उभी राहणार होती?

(स्टुडिओ. पांढरा पडदा, दोन दिवे. टेबलावर कंगवा आणि पावडरचा डबा.)

निवडणूक जवळ आली की गल्लीतल्या स्टुडिओला उसंत नसते. कोरा पांढरा शर्ट घालून इच्छुक येतात. पोझ ठरलेल्या : हात जोडून नमस्कार, हात उंचावून अभिवादन, आणि चालता चालता लांब बघणं. पडदा पांढरा लागतो, कारण नंतर माणूस कापून काढायचा असतो आणि तो निवडणूक संपेपर्यंत दर आठवड्याला नव्या फ्लेक्सवर चिकटवायचा असतो. दिवाळीच्या शुभेच्छांना तोच चेहरा, दहावीच्या गुणवंतांच्या अभिनंदनाला तोच आणि श्रद्धांजलीलाही तोच. त्या चेहऱ्यावर आधीचंच हसू असतं, म्हणून स्टुडिओवाले आता गंभीर चेहऱ्याचा एक फोटो वेगळा काढून ठेवतात.

फ्लेक्सची मांडणीही पक्की. वर गोलांमध्ये पक्षाचे नेते, मध्ये मोठा स्वतः, खाली शुभेच्छुकांची रांग. कोणाचं डोकं कोणापेक्षा किती मोठं यावर वाद होतात आणि ते मिटवता मिटवता डिझाइन करणाऱ्या मुलाची रात्र जाते. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार आदेश दिले. पालिकेच्या गाड्या फलक उतरवतात, दोन दिवसांत पुन्हा लागतात. माझं दुःख वेगळं आहे. लाखो चेहरे छापले गेले आणि एकाही चेहऱ्यामागे जागा नाही. तो माणूस कुठे उभा होता, कोणाशी बोलत होता, त्याच्या पायाखाली चिखल होता की फरशी, यातलं काहीच त्या फोटोत उरत नाही.

(शिवाजी पार्क. संध्याकाळ. मैदानात खुर्च्या, दूरवर व्यासपीठ.)

मोठ्या सभेचा फोटो हे वेगळंच शास्त्र आहे. शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा झाला तो ३० ऑक्टोबर १९६६ रोजी. पुढे दसरा आणि हे मैदान असं समीकरणच झालं. २०२२ साली, पक्षात फूट पडल्यानंतर, एकाच संध्याकाळी दोन मेळावे झाले, एक इथे आणि एक वांद्रे-कुर्ला संकुलात. फोटोग्राफरला एकच जागा निवडावी लागली.

सभेत फोटोग्राफरांसाठी व्यासपीठासमोर लाकडी मचाण असतं. तिथे चार तास आधी जाऊन जागा धरावी लागते. शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत आणि तुमची लेन्स त्याच्या कानापाशी. समोर रात्रीचं काळं आकाश आणि त्यापुढे पांढराशुभ्र झब्बा. कॅमेऱ्याचं मीटर काळोख बघून फसतं, जास्त उजेड घेतं आणि झब्बा पार जळून जातो. घडी नाही, बटण नाही, नुसता पांढरा ठिपका. म्हणून उजेड दोन पायऱ्या खाली आणायचा किंवा मीटर चेहऱ्यावर धरायचं. व्यासपीठामागच्या एलईडी पडद्याची भानगड निराळी. शटर वेगाने उडवलं की पडद्यावर काळे पट्टे येतात. दिव्यांचंही तसंच. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं तर निभतं. पण वक्त्याचा हात मग हलका हलतो, म्हणून तो हात वर जाऊन थांबतो तेवढ्या क्षणाची वाट बघायची. प्रत्येक वक्त्याची अशी एक थांबण्याची जागा असते. दहा मिनिटं नुसतं ऐकलं की ती सापडते.

आणि मग मागे वळायचं. मला शिकवणाऱ्या फोटोग्राफरांनी पहिल्याच सभेत माझे खांदे धरून मला उलटं फिरवलं होतं. म्हणाले, "भाषण पेपरात छापून येईल. हे लोक येणार नाहीत." झाडाच्या फांदीवर बसलेली मुलं होती. बापाच्या खांद्यावर झोपलेली पोर होती. एक म्हातारे गृहस्थ टाळी वाजवायची विसरून नुसते ऐकत होते. तो माझा पहिला चांगला रोल.

त्याच दादरमध्ये, चैत्यभूमीवर, दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक येतात. तिथे नेत्यांचे फोटो सकाळी तासाभरात उरकतात. खरं काम पुढे, रांगेत आणि पुस्तकांच्या स्टॉलपाशी. डोक्यावर गाठोडं असलेली बाई पुस्तक उचलते, मुलाच्या हातात देते आणि त्याला पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

(रात्र. मुंबईचा रस्ता. लाल टोप्यांची न संपणारी रांग.)

मार्च २०१८. नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला तो ६ तारखेला. आदिवासी बाया, म्हातारे, सुमारे १८० किलोमीटर, सगळं पायी. ११ तारखेच्या संध्याकाळी ते सोमय्या मैदानावर पोचले. सकाळी आझाद मैदानात जायचं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुंबईच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून, आठवडाभर चाललेली ती माणसं रात्रीच उठली आणि पुन्हा चालू लागली.

ज्यांनी आझाद मैदानातली व्यासपीठाजवळची जागा धरून ठेवली होती, त्यांना सकाळी नेत्यांचे चांगले फोटो मिळाले. जे रात्री रस्त्यावर उतरले, त्यांना पाय मिळाले. टाचेला पडलेल्या भेगा, अंगठ्यावरचा फोड, तळव्याची सोललेली कातडी. वाटेत रहिवासी पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे होते. त्या मोर्चाचं नाव काढलं की आजही लोकांना ते पाय आठवतात. मागण्यांचं निवेदन कितीही मुद्देसूद असलं, तरी चालणं किती दुखतं हे त्या पायांनीच शहराला सांगितलं.

(छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. रिकामा फलाट.)

सभा-मोर्चांचे फोटो काढणाऱ्या माणसाचं अंग गडबडीच्या दिशेने वळतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसोझा हे या स्टेशनसमोरच्या आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात होते. गोळ्यांचा आवाज आला आणि ते कॅमेरा घेऊन इकडे धावले. डब्याच्या आडोशाने त्यांनी काढलेला अजमल कसाबचा फोटो जगाने पाहिला. पुढे खटल्यात ते साक्षीला उभे राहिले. त्या दिवशी फोटो खरोखर पुरावा झाला. एरवी आपण हा शब्द सैलपणे वापरतो.

आता सांगतो ते मला सगळ्यात जास्त छळतं. आज बहुतेक नेत्यांची स्वतःची टीम असते. गिंबल (कॅमेरा न हलता धरणारा दांडा), फोन, ड्रोन. कार्यक्रम संपायच्या आत फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि तेच छापले जातात. ती मुलं मेहनती आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ज्याचा पगार नेता देतो, तो रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढणार नाही. काढला तरी पाठवणार नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि तो कधी काढला याची आतली नोंद पुसली गेलेली असते. तारीख गेली की पावती गेली.

जुन्याचीही तीच गत. गिरगावातली एक चाळ पुनर्विकासात पाडायची होती. तिथल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून मला बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे मिळाले, निगेटिव्हने भरलेले. झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा भपकारा आला. फिल्मचा ॲसिटेट सडायला लागला की असाच वास येतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो लवकर सडतो आणि उरलेल्यावर बुरशी जाळं विणते. पहिला डबा वाया गेला होता. दुसऱ्यातल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिसऱ्यात सार्वजनिक नळाच्या उद्घाटनाचा रोल होता, छत्तीस फ्रेम. पस्तिसांत पुढारी. छत्तिसाव्या फ्रेममध्ये ते निघून गेलेत आणि परकर-पोलक्यातली एक मुलगी नळाच्या धारेखाली ओंजळ धरून उभी आहे. डब्यावर ना तारीख होती, ना जागा, ना नाव. कोणत्या वाडीतला नळ, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवतो. फोटोच्या क्रमांकापुढे तारीख, गल्ली आणि नावं.

(पुन्हा परळची गल्ली. सकाळ टळत आलीय.)

फ्लेक्सची एक दोरी सुटलीय. नारळाची करवंटी पोरांनी लाथाडून कोपऱ्यात नेलीय. चार मजूर फावडी घेऊन आले. त्यातल्या एकाने भिंतीला टेकवलेली ती कोरी कुदळ हातात घेऊन तोलून बघितली. लाल फीत सोडायला गेला, गाठ घट्ट होती. तशीच राहू दिली. पहिला घाव घातला तेव्हा फीत उडाली आणि मी बटण दाबलं.

पाहुण्यांची नावं वहीत आधीच लिहिली होती. मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याला त्याचं नाव विचारलं. त्याने घाम पुसला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, मी नीट लिहितोय ना ते वहीत वाकून बघितलं आणि कुदळ पुन्हा उचलली.