भरतीची बैठक

(दृश्य : पहाट. खाडीचं मुख. चिखलावर वाकलेल्या पाच-सहा बायका. फक्त पाण्याचा आणि पाखरांचा आवाज.)

मार्गशीर्षातली पौर्णिमा. मालवणच्या उत्तरेला एका खाडीत उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आहे. उजाडायच्या आत बायका चिखलात उतरल्यात. पायाच्या अंगठ्याला काही कडक लागलं की वाकायचं, बोटं रुतवायची आणि तिसरी, म्हणजे खायची शिंपली, वर काढायची. भरतीचं पाणी घोट्याशी येईपर्यंत पाटी भरायला हवी.

यांच्यातल्या एका काकींना आज साडेदहाला बैठकीला जायचंय. खाडीच्या काठावर शाश्वत विकासाचं एक छोटं संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राच्या सल्लागार मंडळावर त्या आहेत.

(दृश्य : जांभ्या दगडाची बैठी इमारत. ओटीवर वाळत घातलेली पाण्याचे नमुने घेण्याची जाळीची गाळणी.)

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. खाडीचं पाणी, तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं, खारभात यांचा अभ्यास इथे चालतो. जागा, पगार, हिशेब हे सगळं नियामक मंडळ बघतं. सल्लागार मंडळाच्या हाती त्यातलं काहीच नाही. काय अभ्यासायचं, कसं अभ्यासायचं आणि कुठे हात आवरायचा, एवढंच त्यांनी सांगायचं. तो सल्ला बंधनकारकही नाही. मात्र केंद्राने स्वतःवर एक नियम घालून घेतलाय : सल्ला मानला नाही, तर कारण लेखी द्यायचं, आणि मराठीत द्यायचं. या माहितीपटाच्या चित्रीकरणाच्या दिवसांत आम्हाला या नियमाचं मोल कळत गेलं. नकाराचं कारण लिहायला बसल्यावर ते पटण्याजोगं उतरत नाही, आणि मग सल्ला मानला जातो.

पहिली बैठक फसली होती. कॅलेंडर बघून शनिवार ठरवला, वेळ दुपारी चारची. पडवीत तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ज्यांना खाडी सगळ्यांत जास्त कळते, ती माणसं त्या वेळी सुकतीला खाडीतच होती.

तेव्हापासून बैठकीची वेळ मंडळावरचे तांडेल ठरवतात. ते रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचे, जुने जाणकार. त्यांचा हिशेब पूर्वापार चालत आलेला : तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास चिखल पाण्याखाली असतो, बायका मोकळ्या असतात. म्हणून बैठक पौर्णिमेची, भरतीची.

(दृश्य : पडवी. गोल मांडलेल्या खुर्च्या. सोलकढीचे पेले.)

मत्स्यशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, पुण्याहून आलेले वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, खारभात पिकवणारे शेतकरी, तांडेल, काकी. आणखीही दोघं-तिघं आहेत. त्यांतल्या एका सदस्याचं पर्यटकांसाठीचं निवासगृह आहे. बोटीच्या फेऱ्यांचा विषय निघाला की ते आपणहून बाहेर जाऊन बसतात.

कोकणातल्या माणसाला असं गोल बसणं नवं नाही. देवळात बारा-पाचाचे मानकरी बसतात, गाऱ्हाणं घातलं जातं आणि सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाण्याला ते शोभतं, कारण तिथलं मागणं अख्ख्या गावाचं असतं. सल्लागारांनी मात्र समोर आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला 'व्हय म्हाराजा' म्हटलं, तर त्यांना बोलावण्यात अर्थ उरत नाही.

न विचारता घेतलेले निर्णय या किनाऱ्याने पाहिलेत. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. प्रवाळ, मासे, समुद्रशैवाल जपायला हवंच होतं. पण ज्यांची रोजची जाळी त्या पाण्यात पडत होती, त्यांच्या मनात तेव्हा बसलेला धसका पुढे कितीतरी वर्षं गेला नाही. पश्चिम घाटाचंही तसंच. २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला, ऑगस्ट २०११ मध्ये त्याने अहवाल दिला. पर्यावरणाचे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत, असं त्या अहवालातच म्हटलं होतं. तो लोकांसमोर यायला मात्र मे २०१२ उजाडला. मधल्या काळात गावोगाव ऐकीव गोष्टीच पोचल्या. केंद्राचा मराठीचा आग्रह आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सल्ला कितीही खोल असो, ज्याच्या जगण्याबद्दल तो आहे त्याला वाचता यायला हवा.

(दृश्य : टेबलावर खाडीचा नकाशा. हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला पट्टा.)

आजचा विषय तिवरांचा. खाडीच्या मुखाशी उघडा पडणारा चिखल आहे, तिथे काही हजार रोपं लावावीत, असा प्रस्ताव आहे. तिवरं लाटांचा जोर मोडतात, किनाऱ्याची माती धरून ठेवतात, कोळंबीची आणि माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. त्यात हजारोंच्या संख्येने झाडं लावायला पैसा देणारेही मिळतात. नकाशावर पट्टा मोकळा दिसतो. कुणालाही वाटेल, लावा की.

काकी नकाशाकडे बघतात. हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवतात.

"थंय तिवर लावल्यात, तर आमी तिसरे खंय काडूचे?"

पडवीत क्षणभर कोणी बोलत नाही. मग प्राध्यापिका बोलायला लागतात. चिखल ही रिकामी जागा नाही, असं त्या सांगतात. तिसऱ्या, कालवं, खेकडे, गांडुळासारखे समुद्री किडे, आणि त्यांच्यावर जगायला हिवाळ्यात दुरून येणारे तुतवार पक्षी. तो सबंध संसार उघड्या चिखलाचाच आहे. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्यात भर घालतात. तिवरांची मुळं श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. जिथे दिवसातले बहुतेक तास पाणी उभं असतं, तिथे कोवळी रोपं गुदमरतात. एवढ्या खोल पट्ट्यात लावलेली बरीच रोपं मरणारच.

म्हणजे काकींचा पोटाचा प्रश्न आणि शास्त्राचं उत्तर एकाच जागी येऊन मिळालं.

केंद्राचा तरुण संशोधक दुसरी जागा सुचवतो : फुटलेल्या बांधाच्या आत, पडीक खारजमिनीत. आता शेतकरी पुढे सरकतात. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, की काही वर्षांत तिवरं आपणहून उगवतात. एकदा ती उगवली की तोडता येत नाहीत. वडिलांनी, आजोबांनी चिखल थापून बांधलेलं शेत मग कागदावरच उरतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशी खारं पाणी सोसणारी भातं दिलीत. बांध दुरुस्त झाला तर त्या जमिनीत अजून पीक उभं राहील, असं ते म्हणतात.

दीड तास गेला. नकाशावरचा हिरवा रंग दोनदा खोडला गेला. शेवटी उरली ती बांधाच्या बाहेरच्या अंगाची अरुंद पट्टी. तिथे भरती रोज पोचते आणि ओहोटीला मुळं उघडी पडतात. तिथली तिवरं जगतील, वाढतील आणि बांधावर आपटणाऱ्या लाटाही अंगावर घेतील. यंदा फक्त एक तुकडा लावायचा. दोन पावसाळे बघायचं. रोपांची संख्या प्रस्तावात होती त्याच्या कितीतरी खाली आली, आणि देणगी देणाऱ्यांना हे कळवण्याचं काम प्राध्यापिकांनी स्वतःकडे घेतलं.

(दृश्य : इतिवृत्ताची वही. बाहेर पाणी उतरायला लागलंय.)

अडीच वाजले. उठण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायचं, ही इथली रीत. संशोधक वाचतो : "स्थानिक महिलांनी प्रस्तावाला विरोध केला."

काकी हात वर करतात.

"विरोध खंय केलो आमी? आमी म्हायती दिली."

संशोधक ओळ खोडतो. नव्याने लिहितो : "मुखाजवळच्या चिखलात तिसऱ्यांची पैदास होते, अशी माहिती महिला सदस्यांनी दिली. त्या आधारे जागा बदलण्यात आली." ते पुन्हा वाचून होतं. काकी सही करतात, पदर खोचतात आणि पायरीवर ठेवलेली पाटी उचलतात.

(दृश्य : उतरतं पाणी. उघडा पडत जाणारा चिखल. त्यावर पहिली पावलं.)