टोक गावलं का?

[शेडचं दार. मागांचा आवाज पूर्ण, मग दबत जातो.]

इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि पंचगंगेकाठच्या या गावाचा धंदा ठरून गेला. कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक जण आधी मागांकडे वळतो, कारण आडवं सूत घेऊन पळणारा धोटा पडद्यावर छान दिसतो. आम्हीही तो टिपलाय, येईलच पुढं. आधी या डाव्या हाताच्या खोलीत चला.

[कांडी मशीन. फिरत्या चात्या.]

मागाला सूत दोन दिशांनी लागतं. उभं सूत बीमवरून, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावरून येतं. आडवं, म्हणजे बाणा, धोट्यात बसवलेल्या कांडीवरून सुटतो. कोनावरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या गुंडाळीवरचं सूत या वीतभर कांड्यांवर भरायचं, हे इथलं काम. बहुतेक शेडमध्ये ते बायकाच करतात.

सूत कसं चढतंय ते नीट बघा. बुडापासून सुरुवात, मग उतरते थर एकावर एक रचत शेंड्याकडे. धोट्यात कांडी फिरत नाही. ती जागच्या जागी राहते आणि सूत शेंड्यावरून निसटत जातं. म्हणजे सुटं टोक शेंड्याजवळच मिळायला हवं. पण भरलेली कांडी चातीवरून, म्हणजे तिला फिरवणाऱ्या दांड्यावरून काढताना तार, म्हणजे धागा तोडावा लागतो. ते तुटकं टोक खोक्यात शेजारच्या कांड्यांना घासतं. सुती धाग्याला बारीक केस असतात. टोक त्या केसांनीच खालच्या थराला धरून बसतं. पांढऱ्यावर पांढरं. नजरेला काही म्हणजे काही दिसत नाही.

[हातांचा क्लोज-अप. हा शॉट लांब ठेवायचा.]

या आक्का. कांडी उजेडाकडे तिरकी धरतात, कारण समोरून पडलेल्या उजेडात धाग्याची सावलीच पडत नाही. मग तळवा शेंड्यावरून हलकेच फिरतो, गुंडाळीच्या उलट दिशेनं. सुलट फिरवला तर टोक आणखी दाबलं जाईल. एकदा, दोनदा… तिथं बघा, अंगठ्याजवळ एक केस उभा राहिला. तो चिमटीत धरून ओढायचा, आणि ओढताना तो सरळ सुटतोय की अडतोय हे बोटांनी ऐकायचं.

अडला, तर ते टोक नव्हेच.

नवी बाई इथंच घाई करते. नख खुपसते, मधलाच एखादा वेढा वर येतो, ती तो ओढते आणि सगळे थर एकमेकांवर घसरतात. हे पुढच्या दृश्यात दिसतंय, पोरगी हसतेय. अशी कांडी धोट्यात गेली तर मागावर तार तुटते, किंवा सुताचा पुंजकाच कापडात विणला जातो. आक्का ती कांडी परत घेतात, बिघडलेले थर उतरवतात आणि खालच्या धड सुतात टोक शोधतात. उतरलेलं सूत वेस्टेजच्या पोत्यात. पुढं कुठल्या तरी गॅरेजमध्ये तेलाचे हात पुसायला.

"टोक गावलं का?" असं कुणी विचारलं की त्या मान वर न करता म्हणतात, "गावतंय की. जातंय कुठं?"

आणखी एक गोष्ट, अगदी छोटी. मागावरून परत आलेल्या कांडीवर थोडे वेढे उरतात. ते ब्लेडनं उभे कापले तर काम पटकन होतं, पण लाकडावर चर पडतो आणि पुढची प्रत्येक तार त्या चरात अडकते. आक्कांच्या टेबलावर ब्लेड नाही.

मुंबईच्या गिरण्यांतही बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असायच्या, त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असायची. टोकांचं काम तिथंही त्यांच्याच हाती. त्याला कौशल्य म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटली नाही.

[मागावर. धोटा हातात.]

आता धोटा. कांडी बसली, टोक धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढायचं. या धोट्याला खाच आहे, बोटानं तार तिरकी ओढली की आत बसते. जुन्या धोट्यांना नुसतं भोक असायचं आणि विणकर तोंड लावून धागा श्वासानं ओढून घ्यायचे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये कायदा करून असे धोटे बंद केले.

[सूतगिरणी. ऑटोकोनरची लांबच लांब रांग.]

सूतगिरणीत टोक शोधायला यंत्र आहे, ऑटोकोनर. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमवरच्या बॉबिनमध्ये सूत असतं काही तोळे, कोनावर जातं दीड-दोन किलो. म्हणजे एका कोनात कितीतरी बॉबिनी जोडायच्या. बॉबिन संपली की कोन हळूहळू उलटा फिरतो. उलटाच, आक्कांच्या तळव्यासारखा. हवा ओढणारी नळी त्याच्या अंगाशी येते आणि टोक आत खेचते. दुसरी नळी नव्या बॉबिनचं टोक आणते. टोकं जोडणाऱ्या स्प्लायसरमध्ये हवेच्या झोतानं दोन्ही टोकांचा पीळ उसवतो, तंतू एकमेकांत मिसळतात, पुन्हा पीळ बसतो. गाठ नाही. डोळ्यांनी सांधा शोधून दाखवा.

काही प्रयत्नांत टोक सापडलं नाही तर यंत्र थांबतं आणि दिवा लागतो. हा बघा, लागला. आता कोण येतंय? एक बाई. तळवा फिरवते, टोक काढून देते, दिवा विझतो. आम्ही हा शॉट दोनदा लावलाय, मुद्दाम.

[रेपियर मागाचं शेड. नवं, उजळ.]

रेपियर मागात बाणा पट्टीनं ओढला जातो, एअरजेटमध्ये हवेच्या झोतानं. या मागांना धोटा नाही, म्हणून कांडी नाही, म्हणून कांडीची खोलीही नाही. साधे माग जिथं काढून टाकले तिथं हे काम बायकांच्या हातून गेलं. सुताची धूळ मात्र दोन्हीकडे आहे.

इथं बाणा थेट कोनावरून जातो. कोनाच्या बुडाशी पहिल्या वेढ्यांचं टोक मुद्दाम बाहेर ठेवलेलं असतं. ते शेजारच्या भरल्या कोनाच्या वरच्या टोकाला बांधायचं, म्हणजे पहिला कोन संपला तरी माग थांबत नाही. ही गाठ हातानंच मारावी लागते. पडद्यावर ती मारतोय एक तरुण ऑपरेटर. टोक त्याला पटकन सापडत नाहीये.