नऊ रेझिस्टर आणि कापलेला आयत

डब्यातले सगळे रेझिस्टर (विजेला रोध करणारे छोटे घटक) सारखेच आहेत. पट्टे तपकिरी, काळा, सोनेरी, सोनेरी; म्हणजे एक ओहम. कोडं असं, की एवढ्यातूनच ३२/३३ ओहम तयार करायचा.

शाळेत शिकलेले दोन नियम आठवा. एकसर जोडणीत रोधांची बेरीज, समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांकांची. उत्तर लगेच निघतं: ३२ रेझिस्टर ओळीने जोडा, त्या ओळीला समांतर एकच ठेवा. झाले ३३. बरोबर आहे, पण एवढ्याशा फरकापायी अख्खा डबा रिकामा!

आता कागद घेऊ. आयत ३३ रुंद, ३२ उंच. पोलंडच्या झ्बिग्न्येव मोरोन यांनी १९२५ साली तो नऊ चौरसांत कापून दाखवला. नऊही वेगळ्या मापांचे. वर १८ आणि १५. अठराखाली १४ आणि ४, पंधराखाली ७ आणि ८. चार-सातच्या खाली १० आणि इवलासा १. एक-आठच्या खाली ९. कुठे फट नाही.

याचा विजेशी काय संबंध? तो लागला १९३०च्या दशकात, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. ब्रुक्स, स्मिथ, स्टोन आणि टट हे चार विद्यार्थी अशाच आयतांच्या नादी लागले होते. टट तर शिकत होता रसायनशास्त्र! त्यांची युक्ती बघा. प्रत्येक आडवी रेषा म्हणजे तारांचा सांधा, प्रत्येक चौरस म्हणजे एक ओहमचा रेझिस्टर. चौरसाची रुंदी ही विद्युतधारा, उंची हे विभवांतर. दोन्ही सारखी, म्हणून रोध एक. पंधराच्या खालची रेषा पाहा: वरून १५ आले, खाली ७ आणि ८ गेले. सांध्यात येईल तेवढीच धारा बाहेर जाते, हा किरचॉफचा हिशेब चुकता.

अख्ख्या आयतातून ३३ अँपिअर वाहतात, ३२ व्होल्ट उतरतात. रोध ३२/३३ ओहम, रेझिस्टर फक्त नऊ. (खरोखर एवढी वीज सोडू नका. अठराच्या जागचा रेझिस्टर ३२४ वॅटनी जळून जाईल.)

गंमत म्हणजे या जाळ्यात कुठलेही दोन रेझिस्टर निव्वळ एकसर नाहीत, निव्वळ समांतरही नाहीत. शाळेतले ते दोन नियम इथे सुरूच होत नाहीत.

आणि रोध मोजणारा मल्टीमीटर काय दाखवेल? ३२/३३ म्हणजे साधारण ०.९७. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो, पाच टक्के मागेपुढे चालेल. त्यामुळे डब्यातला एखादा एकटा रेझिस्टरही ०.९७ भरू शकतो.